बोली कशावर लावायची?
जुन्या सूक्ष्मदर्शकाच्या ऑनलाईन खरेदीचे परीक्षण

दोन वर्षांपूर्वी, पावसाळा संपता संपता, सोलापुरातील एका माध्यमिक शाळेच्या विज्ञानाच्या बाई एक मोठे खोके घेऊन आमच्या प्रयोगशाळेत आल्या. खोक्यात एक वापरलेला सूक्ष्मदर्शक होता. शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढली होती आणि परदेशातील एका ऑनलाईन लिलावात रात्री जागून बोली लावून तो मिळवला होता. बनावट नावाजलेली, अंग लोखंडी, रंग शाबूत. पण पहिल्याच दिवशी त्याचा दिवा उडाला, आणि आरशाने उजेड टाकून पाहिले तर ४ पटीच्या भिंगातून चित्र छान, १० पटीच्या भिंगातून बरे आणि ४० पटीच्या भिंगातून नुसते धुके. "सर, मुलांनी पैसे दिलेत. त्यांना काय सांगू?" असे बाईंनी विचारले.

या प्रश्नाने आम्ही ओशाळलो, कारण खरेदीपूर्वी बाईंनी आम्हाला छायाचित्रे दाखवली होती आणि आम्ही "घ्या, चांगला आहे" असे म्हणालो होतो. आम्ही रोज सूक्ष्मदर्शकावर काम करतो, तरीही त्या छायाचित्रांत आम्ही फक्त कंपनीचे नाव वाचले. जे वाचायला हवे होते ते वाचले नाही.

पुस्तकाचे परीक्षण लिहितात, नाटकाचे लिहितात. विक्रीच्या मजकुराचे परीक्षण सहसा कोणी लिहीत नाही. या लेखात आम्ही तेच करणार आहोत. वापरलेल्या सूक्ष्मदर्शकाची जाहिरात काय सांगते, काय सांगत नाही, आणि शाळेने ती कशी वाचावी, एवढाच विषय आहे.

जाहिरातीतला शब्द न् शब्द

खाली दिलेला मजकूर कोणत्याही एका जाहिरातीतला नाही. अशा बऱ्याच जाहिराती वाचल्यावर जो ठसा मनात उरतो, त्याचा हा नमुना समजावा :

'विंटेज संयुक्त सूक्ष्मदर्शक. नामांकित बनावट. चार वस्तुभिंगे. ४०× ते १०००×. दिवा लागतो. भिंगे स्वच्छ. पूर्ण चाचणी घेतलेली नाही. जसे आहे तसे.'

हा मजकूर वाईट नाही. तो आटोपशीर आहे आणि विशेष म्हणजे त्यात बहुधा काहीच खोटे नसते. बाईंच्या यंत्राच्या वर्णनातही एकही असत्य शब्द नव्हता. दिवा खरोखर लागत होता. पण जेथे घरातील वीज ११० ते १२० व्होल्टची असते अशा देशात. आपल्या २३० व्होल्टवर तो एका क्षणात गेला. वस्तुभिंगे खरोखर चार होती, आणि ती वरून स्वच्छही होती. तरीही यंत्र शाळेच्या उपयोगाचे नव्हते. म्हणजे येथे प्रश्न खोटेपणाचा नाही. विक्रेता वस्तूचे वर्णन करतो आणि आपल्याला विकत घ्यायचे असते दिसणे. या दोन गोष्टींत जे अंतर आहे ते जाहिरात भरून काढत नाही. ते घेणाऱ्यानेच भरून काढायचे असते.

'विंटेज' या शब्दाने यंत्राचे वय सांगितले जाते, प्रकृती नाही. 'भिंगे स्वच्छ' म्हणजे विक्रेत्याने फडक्याने पुसलेली. कदाचित त्याच पुसण्याने ओरखडलेली. 'पूर्ण चाचणी घेतलेली नाही' हे वाक्य सर्वांत प्रामाणिक आणि सर्वांत महत्त्वाचे आहे. ज्याला चाचणी घेता येत नाही तो हे वाक्य लिहितो, आणि ज्याने चाचणी घेतली व निकाल आवडला नाही तोही हेच वाक्य लिहितो. वाचणाऱ्याला दोघांतला फरक कळण्याचा मार्ग नाही. राहिला तो आकडा, १०००×. त्याच्याकडे जरा सविस्तर पाहू.

मोठे दिसणे आणि स्पष्ट दिसणे

शाळेत सूक्ष्मदर्शक म्हटले की पहिला प्रश्न 'किती पट?' असा येतो. विद्यार्थी तो विचारतात, मुख्याध्यापक विचारतात, आणि तपासणीला आलेले अधिकारीही विचारतात. त्यामुळे विक्रेतेही तोच आकडा मोठ्या अक्षरांत छापतात. पण हा आकडा मिळवणे फार सोपे आहे. ४० पटीच्या वस्तुभिंगावर १० पटीचे नेत्रभिंग बसवले की ४०० पट होते. त्याच वस्तुभिंगावर २५ पटीचे नेत्रभिंग बसवले की १००० पट. आकडा अडीचपट झाला, पण नवे काही दिसले का? नाही. वर्तमानपत्रातील ठिपक्याठिपक्यांचे छायाचित्र भिंगाखाली धरावे तसे होते. ठिपके मोठे होतात, चेहरा अधिक स्पष्ट होत नाही. याला पोकळ विशालन म्हणता येईल.

स्पष्ट दिसणे दुसऱ्याच आकड्यावर ठरते. जर्मनीतील येना येथे काम करणाऱ्या अर्न्स्ट आबे यांनी १८७३ साली दाखवून दिले, की भिंग वस्तूकडून येणारा प्रकाश जितक्या रुंद कोनातून गोळा करते तितके बारीक तपशील ते वेगळे दाखवू शकते. या रुंदीचे माप प्रत्येक वस्तुभिंगावर कोरलेले असते. त्याला न्यूमरिकल अ‍ॅपर्चर म्हणतात. '४०/०.६५' असे कोरले असेल तर ४० ही पट आणि ०.६५ हे न्यूमरिकल अ‍ॅपर्चर. दोन ठिपक्यांमधील कमीत कमी किती अंतर वेगळे दिसेल हे काढण्यासाठी प्रकाशाच्या तरंगलांबीला ०.६१ ने गुणून या आकड्याने भागायचे. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी ०.५५ मायक्रॉन धरली (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) तर हिशेब असा येतो : ४/०.१० च्या भिंगाने सुमारे ३.४ मायक्रॉन, १०/०.२५ च्या भिंगाने १.३ मायक्रॉन, ४०/०.६५ च्या भिंगाने अर्धा मायक्रॉन आणि तेल घालून वापरायच्या १००/१.२५ च्या भिंगाने पाव मायक्रॉनच्या थोडे पुढे. हे गणित दहावीच्या विद्यार्थ्यांकडून करून घेण्यासारखे आहे.

यावरून एक सोपा अडाखा मिळतो. न्यूमरिकल अ‍ॅपर्चरला १००० ने गुणले की उपयोगी विशालनाची वरची मर्यादा मिळते. ०.६५ च्या भिंगासाठी ती ६५० पट. त्याच्यावर '१०००×' लिहिले असेल तर वरचे ३५० शोभेचे आहेत.

शाळेला किती लागते तेही पाहावे. कांद्याच्या पापुद्र्यातील पेशी मिलिमीटरच्या एक-दोन दशांशाहून मोठ्या असतात. गालाच्या आतल्या बाजूची पेशी साधारण ५० ते ६० मायक्रॉनची, रक्तातील तांबडी पेशी ७ ते ८ मायक्रॉनची. दह्यातील दंडाकृती जिवाणू एक मायक्रॉनहून कमी जाड, पण लांबीला त्याच्या कितीतरी पट. मिथिलीन ब्ल्यूने रंगवले की ४०/०.६५ च्या चांगल्या भिंगातून तेही दिसतात. म्हणजे शालेय अभ्यासक्रमातले जवळजवळ सगळे ४०० पटीत उरकते. जो विक्रेता ४०० पट लिहितो तो कमी विकत नाही, आणि १६०० पट लिहिणारा जास्त विकतो असेही नाही.

भिंगावरचे अक्षर

आता त्या धुक्याचे कारण सांगतो. आम्ही चारही वस्तुभिंगे काढून टेबलावर ओळीने मांडली. तीन भिंगांवर '१६०' आणि एका तिरप्या रेघेनंतर '०.१७' कोरलेले होते. चौथ्यावर, म्हणजे ४० पटीच्या भिंगावर, १६० च्या जागी आडव्या आठासारखे अनंताचे चिन्ह होते. छायाचित्र मोठे करून पाहिले तर ते खरेदीपूर्वीही दिसत होते. आम्ही पाहिले नव्हते.

१६० म्हणजे नळीची लांबी, मिलिमीटरमध्ये. हे भिंग १६० मिलिमीटर लांबीच्या नळीसाठी घडवलेले आहे असा त्याचा अर्थ. ०.१७ म्हणजे काचपट्टीवर ठेवायच्या पातळ आच्छादन-काचेची जाडी, तीही मिलिमीटरमध्ये. अनंताचे चिन्ह असलेले भिंग मात्र वेगळ्या रचनेतले असते. ते प्रकाशाचे किरण समांतर करून वर पाठवते आणि नळीत बसवलेले आणखी एक भिंग त्यांची प्रतिमा बनवते. बाईंच्या जुन्या यंत्रात ते आणखी एक भिंग नव्हतेच. मूळ ४० पटीचे भिंग कधीतरी हरवले किंवा फुटले असणार आणि कोणीतरी हाताला आले ते फिरवून बसवले. ते बसले, कारण वस्तुभिंगांच्या आट्यांचे माप लंडनच्या रॉयल मायक्रोस्कोपिकल सोसायटीने एकोणिसाव्या शतकात ठरवून दिले आणि पुढे बहुतेक सर्व कारखान्यांनी ते स्वीकारले. आटे जुळतात, म्हणून भिंग जुळतेच असे नाही. कमी न्यूमरिकल अ‍ॅपर्चरच्या भिंगाला अशी चूक खपते, चित्रात फारसा फरक पडत नाही. ०.६५ च्या भिंगाला ती खपत नाही. कडेचे आणि मधले किरण एका जागी येत नाहीत आणि सगळ्या चित्रावर दुधाळ थर येतो.

याखेरीज वापरलेल्या भिंगांचे नेहमीचे आजार असे. दमट हवेत पेटीत बंद राहिलेल्या भिंगावर बुरशीचे कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू पसरतात. ते काचेवरचा लेपही खातात. दोन काचा चिकटवून केलेल्या भिंगांतील डिंक जुना होऊन सुटतो आणि कडेला इंद्रधनुष्यासारखे रंग किंवा बर्फाच्या पाकळ्यांसारखे डाग दिसतात. ४० पटीच्या भिंगाच्या टोकावर वाळलेले तेल असते, कारण तेल १०० पटीच्या भिंगाला लावायचे हे विसरून कोणीतरी दोन्हींखाली काचपट्टी फिरवलेली असते. आणि फोकस करण्याच्या चक्रीतील वंगण वाळून घट्ट झालेले असते. आमच्यासारख्या कोरड्या, धुळीच्या जिल्ह्यात बुरशी कमी आढळते, वाळलेले वंगण आणि धूळ जास्त. शेवटचे दोन आजार बरे होतात. तेलाचा थर भिंगाच्या मऊ कागदाने हळूच काढता येतो आणि वंगण बदलता येते. पहिले दोन शाळेच्या पातळीवर बरे होत नाहीत; तसे भिंग गेलेच असे समजावे.

लिलाव नावाचे यंत्र

सूक्ष्मदर्शक कसे चालते ते आपण विद्यार्थ्यांना शिकवतो. लिलावही एक यंत्रच आहे, आणि तेही कसे चालते ते पाहायला हवे.

ऑनलाईन लिलावाची मोठी बाजारपेठ ठरलेली ईबे कंपनी १९९५ साली अमेरिकेत सुरू झाली. तेथे विकली गेलेली पहिली वस्तू म्हणजे एक बिघडलेला लेसर पॉइंटर, असे कंपनीच सांगते. तो १४.८३ डॉलरना गेला. घेणाऱ्याला तो बिघडलेला आहे हे ठाऊक होते. बिघडलेले लेसर पॉइंटर जमवणे हाच त्याचा छंद होता. आपल्याकडे २००० साली मुंबईतून 'बाझी डॉट कॉम' सुरू झाले. २००४ मध्ये ते ईबेने घेतले, २०१७ मध्ये ईबेचा भारतातील व्यवसाय फ्लिपकार्टकडे गेला आणि २०१८ मध्ये ईबेचे भारतीय संकेतस्थळ बंद झाले. त्यामुळे आज आपल्या शाळेला ऑनलाईन लिलाव म्हणजे एकतर परदेशी संकेतस्थळ, नाहीतर सरकारी ई-लिलाव. भारत सरकारच्या एमएसटीसी या कंपनीमार्फत अनेक कार्यालयांचे आणि उद्योगांचे जुने, निर्लेखित साहित्य असे विकले जाते. तेथील अट ठरलेली : 'जसे आहे, जेथे आहे'. पुढे तक्रार चालत नाही.

बिघडलेल्या लेसर पॉइंटरची गोष्ट विनोदी आहे, पण बोधही तिच्यातच आहे. लिलावातील किंमत वस्तूच्या उपयोगाची नसते, जमलेल्या ग्राहकांच्या इच्छेची असते. लेव्हेनहुकने बनवलेला एक चांदीचा सूक्ष्मदर्शक २००९ साली लंडनमध्ये क्रिस्टीजच्या लिलावात तीन लाख पौंडांहून अधिक किमतीला गेला. त्यातून कोणी कांद्याचा पापुद्रा पाहणार नव्हते. पितळी, लाकडी पेटीतल्या, जुन्या नामांकित यंत्रांच्या लिलावात आपल्या समोर संग्राहक उभे असतात. शाळेने त्यांच्याशी स्पर्धा करू नये. त्यांना शोकेससाठी हवे असते, आपल्याला खिडकीशेजारच्या टेबलासाठी.

दुसरी अडचण माहितीची. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन ती मांडली आणि २००१ सालच्या अर्थशास्त्राच्या नोबेल पुरस्काराचे ते एक मानकरी ठरले. वस्तू कशी आहे हे विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा सरासरी किंमतच देऊ करतो. सरासरी किमतीला चांगल्या वस्तूचा मालक विकायला तयार होत नाही. तो बाजारातून निघून जातो. उरतात त्या डावी बाजू असलेल्या वस्तू. याचा अर्थ प्रत्येक स्वस्त सूक्ष्मदर्शक खराब असतो असा नाही. ज्याच्याबद्दल काहीच सांगितलेले नाही त्याच्याविषयी आशावादी राहू नये, एवढाच आहे.

तिसरी अडचण बोलीची. समजा, पाच जण एकाच यंत्राची किंमत अंदाजाने ठरवत आहेत. कोणाचा अंदाज कमी, कोणाचा जास्त. लिलाव कोण जिंकणार? ज्याचा अंदाज सर्वांत फुगलेला तो. तेलक्षेत्रांच्या लिलावांचा अभ्यास करणाऱ्या तीन अभियंत्यांनी १९७१ साली ही गोष्ट दाखवली. तिला विजेत्याचा शाप म्हणतात. त्यात शेवटच्या मिनिटांची घाई मिसळली की शाप दुप्पट होतो. बाईंच्या माजी विद्यार्थ्यांनी ठरवलेली मर्यादा शेवटच्या चार मिनिटांत दोनदा ओलांडली. पुढे वाहतूक, सीमाशुल्क आणि कर मिळून बोलीच्या रकमेहून अधिक खर्च आला. त्या पैशात एक साधा, नवा, हमीसह विद्यार्थी-सूक्ष्मदर्शक आला असता. आपल्या देशात अशा यंत्रांचे मोठे केंद्र हरियाणातील अंबाला येथे आहे, आणि तेथला माल पुण्या-मुंबईच्याच नव्हे तर आपल्या जिल्ह्याच्या विक्रेत्यांकडेही मिळतो.

मग जुने घेऊच नये का?

तसे आम्ही म्हणणार नाही. ते अन्यायाचे होईल. चांगल्या कारखान्यातील तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या यंत्राचे लोखंडी अंग, दातेरी चक्र्या आणि खालचा प्रकाश एकवटणारा कंडेन्सर आजच्या स्वस्त यंत्रांत सहसा मिळत नाहीत. स्वस्त नव्या यंत्रात चक्री सोडली की नळी आपोआप खाली सरकते; जुन्या चांगल्या यंत्रात ती ठेवली तेथे राहते. आरसा असलेले जुने यंत्र वीज गेली तरी चालते, ही गोष्ट भारनियमन सोसलेल्या शाळांना सांगायला नको. (आरशावर थेट ऊन मात्र कधीही घेऊ नये, डोळ्याला कायमची इजा होते.) शिवाय १६० मिलिमीटर नळीचे नवे ४/०.१० किंवा ४०/०.६५ वस्तुभिंग आजही सुटे मिळते. म्हणून अंग चांगले आणि एखादे भिंग गेलेले, असे यंत्र समजून-उमजून घेतले तर तो फायद्याचा व्यवहार ठरू शकतो. समजून-उमजून हे महत्त्वाचे.

त्यासाठी बोली लावण्यापूर्वी विक्रेत्याला पुढील गोष्टी मागाव्यात. चांगला विक्रेता त्या देतो. जो देत नाही त्याचे उत्तरही मिळालेच.

पहिली गोष्ट, प्रत्येक वस्तुभिंगावरील कोरीव अक्षरांचे जवळून घेतलेले छायाचित्र. पट, न्यूमरिकल अ‍ॅपर्चर, नळीची लांबी आणि काचेची जाडी ही चारही माहिती त्यातच असते. सर्व भिंगांवर नळीची लांबी एकच आहे ना, एवढे तरी पाहावेच.

दुसरी, प्रत्येक भिंगाच्या टोकाचे छायाचित्र, त्यावर खिडकीचे किंवा दिव्याचे प्रतिबिंब पडलेले. स्वच्छ काचेत प्रतिबिंबाची कड धारदार दिसते. ओरखडे, बुरशी, तेल असेल तर ती तुटते.

तिसरी, नेत्रभिंगाला मोबाईलचा कॅमेरा लावून घेतलेले वर्तमानपत्राच्या छपाईचे किंवा कापसाच्या तंतूचे छायाचित्र, प्रत्येक भिंगातून एकेक. हीच खरी चाचणी. विक्रेत्याला सूक्ष्मदर्शकाचे काहीही कळत नसले तरी हे करता येते.

चौथी, चक्री फिरवतानाचे आणि नंतर यंत्र मिनिटभर तसेच सोडल्याचे चित्रीकरण. नळी घसरत असेल तर दिसेल.

पाचवी, दिव्याचा व्होल्ट. दिव्याशेजारच्या पट्टीवर तो लिहिलेला असतो. त्याचबरोबर कंडेन्सर आहे की नाही. पुष्कळदा तो गायब असतो आणि वर्णनात त्याचा उल्लेखही नसतो.

आणि शेवटची गोष्ट विक्रेत्याला नव्हे, स्वतःला विचारायची : वाहतूक, कर आणि एका भिंगाची दुरुस्ती धरून एकूण खर्च नव्या साध्या यंत्राच्या किमतीच्या खाली राहतो का? तो आकडा कागदावर लिहावा, खाली दोघांनी सही करावी आणि बोली तेथे थांबली की आपणही थांबावे.

यंत्र हाती आल्यावर पहिल्याच तासाला विद्यार्थ्यांकडून चाचणी करवून घ्यावी. नेत्रभिंग काढून उलटे धरले की ते उत्तम हातभिंग होते. त्याने वस्तुभिंगांची टोके तपासता येतात. मग पारदर्शक प्लास्टिकची मोजपट्टी टेबलावर ठेवून ४ पटीच्या भिंगातून किती मिलिमीटर दिसतात ते मोजावे. नेहमीच्या १० पटीच्या नेत्रभिंगातून साधारण साडेचार मिलिमीटर दिसतात. १० पटीच्या वस्तुभिंगाने ते सुमारे १.८ वर यायला हवे. असे न झाल्यास कोरलेल्या आकड्यांपैकी कोणतातरी खरा नाही.

सोलापुरात आणखी एक फुकटची परीक्षा आहे. चादरीचा सुटलेला सुती धागा आणि शर्टाचा पॉलिएस्टरचा धागा शेजारी शेजारी ठेवावेत. सुती तंतू पिळलेल्या फितीसारखा दिसतो, पॉलिएस्टरचा सरळ काचेच्या कांडीसारखा. १०० पटीत हा फरक स्वच्छ दिसला तर यंत्र कामाचे. ४०० पटीत फितीच्या कडा धारदार राहिल्या तर उत्तम. यंत्रमागाच्या या शहरात धागे मोजण्याचे छोटे घडीचे भिंग अनेक घरांत असते. डेल्फ्टचा लेव्हेनहुक (१६३२–१७२३) हाही कापडाचा व्यापारी होता, आणि कापडाचे धागे मोजण्यासाठी त्या व्यवसायात भिंग वापरत. हातभिंगापासून सूक्ष्मजीवांपर्यंतचा रस्ता त्याने एकाच भिंगाने काटला. त्याच्या उरलेल्या यंत्रांपैकी सर्वांत चांगले यंत्र सुमारे २७० पट मोठे दाखवते. १६०० पट नव्हे.

कपाटातला लिलाव

आता बाईंच्या खोक्याकडे परत येऊ. आम्ही त्यांना म्हटले, १६० मिलिमीटरचे ४०/०.६५ चे सुटे भिंग मागवू. त्या म्हणाल्या, "थांबा. शाळेच्या कपाटात तीन बंद सूक्ष्मदर्शक आहेत. निर्लेखनाच्या यादीत घातलेत."

शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही ते कपाट उघडले. जडवस्तू नोंदवहीत तिन्ही यंत्रांपुढे 'नादुरुस्त' असा शेरा होता. काय नादुरुस्त, ते लिहिलेले नव्हते. एकाचा आरसा फुटलेला होता. दुसऱ्याची चक्री वाळलेल्या वंगणाने घट्ट बसली होती. तिसऱ्याची नळी घसरत होती. तिन्हींची ४० पटीची वस्तुभिंगे १६०/०.१७ ची होती, आणि त्यांतली दोन निर्दोष होती. म्हणजे परदेशातून आलेल्या यंत्रात जे नव्हते ते शाळेच्या कपाटात कितीतरी वर्षे पडून होते.

त्या दुपारी नववीच्या सहा विद्यार्थ्यांनी चक्रीचे जुने वंगण रॉकेलने धुऊन नवे लावले (भिंगांना रॉकेल लागू दिले नाही, भिंगे आधी काढून ठेवली). फुटलेल्या आरशाच्या जागी साध्या आरशाचा कापून घेतलेला तुकडा बसवला. घसरणाऱ्या नळीच्या चक्रीचा ताण एका स्क्रूने वाढवता आला. एक निर्दोष भिंग परदेशी यंत्राला दिले आणि त्याच्या दिव्याच्या जागी एलईडीची छोटी विजेरी ठेवली. संध्याकाळी टेबलावर चार सूक्ष्मदर्शक उभे होते. त्यांतील तीन चारशे पटीपर्यंत चालत होते, चौथा शंभरपर्यंत.

यातून लिलाव वाईट ठरतो असे नाही. पण आपण आधी काय करायला हवे होते ते कळते. शाळेत सूक्ष्मदर्शक बंद पडतो तो बहुधा भिंगामुळे नव्हे. तो हाताळायची भीती असते, काही फुटले तर भरून द्यावे लागेल ही धास्ती असते, आणि 'नादुरुस्त' हा शेरा लिहिणे हा सर्वांत सुरक्षित मार्ग असतो. जाहिरातीत 'पूर्ण चाचणी घेतलेली नाही' असे लिहिणारा विक्रेता आणि नोंदवहीत 'नादुरुस्त' असे लिहिणारे आपण, यांत फार फरक नाही. दोघांनीही भिंगातून पाहिलेले नसते.

ज्या शाळेकडे कपाटही नाही आणि पैसेही नाहीत, तिने निराश होऊ नये. मनू प्रकाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली घडीच्या कागदाचा 'फोल्डस्कोप' जगापुढे मांडला. त्याच्या नेहमीच्या मिळणाऱ्या रूपात सुमारे १४० पट विशालन मिळते, आणि कांद्याची पेशी, परागकण, हिप्परग्याच्या तलावातील थेंबभर पाण्यात फिरणारे जीव पाहायला ते पुरते.

बाईंनी माजी विद्यार्थ्यांना सगळे खरे सांगितले : भिंग चुकीचे होते, तज्ज्ञ म्हणवणाऱ्यांनी ते छायाचित्रात पाहिले नव्हते, आणि बरोबर भिंग शाळेतच निघाले. त्यांच्यातील एक जण यंत्रमागाच्या कारखान्यात काम करतो. तो एका रविवारी आला, धाग्यांची दोन बोबिने घेऊन. चौघांपैकी कोणत्या यंत्रातून फितीचा पीळ सर्वांत स्वच्छ दिसतो ते मुलांनी त्याला दाखवले. ते यंत्र परदेशातून आलेले नव्हते. जडवस्तू नोंदवहीत त्याच्यापुढचा शेरा बाईंनी खोडला आणि दुरुस्तीची तारीख घालून 'चालू' असे लिहिले.